भाड्याचा फ्लॅट: आधी वजाबाकी, मग सही

"एक फ्लॅट घेऊन ठेवा, भाड्यातून हप्ता सुटेल." पुण्यात कुठल्याही साइट ऑफिसात हे ऐकायला मिळतं. फ्लॅट घेणं शक्य असतं. हप्ता सुटणं मात्र आजच्या किमतींना बहुतेक ठिकाणी होत नाही, आणि ते कळतं सहाव्या-सातव्या महिन्यात, जेव्हा घर रिकामं असतं आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेला खात्यातून जातो. म्हणून भाड्यासाठी घर घेण्याचे फायदे-तोटे बघायचे तर सुरुवात कागदावरच्या वजाबाकीपासून करावी. ती जमली तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

पुणे महापालिकेच्या हद्दीतला, ताबा मिळालेला, पुनर्विक्रीचा एक दोन बीएचके घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या भागातले आकडे घालून हाच हिशोब पुन्हा करा.

कराराची किंमत ७५ लाख. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख २५ हजार (खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर १ टक्का कमी). नोंदणी फी १ टक्का असते, पण ३० हजारांच्या वर जात नाही, म्हणून ३० हजार. दलाली १ टक्का धरली तर ७५ हजार. वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजे यांची जुन्या नोंदींवरून केलेली तपासणी) आणि बँकेची प्रोसेसिंग फी मिळून २५ हजार. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क जास्तीत जास्त २५ हजार. इथवर ६ लाख ८० हजार झाले, म्हणजे किमतीच्या ९ टक्के. हे पैसे घरात कुठे दिसत नाहीत आणि विकताना कुणी परत देत नाही. त्यात पंखे, दिवे, गीझर, किचन ट्रॉली, एक-दोन कपाटं, खिडक्यांना जाळ्या आणि रंग यांचे ३ लाख मिळवा. घर तुम्हाला ८४ लाख ८० हजारांना पडलं.

भाडं धरू महिना २२ हजार. वर्षाचे २ लाख ६४ हजार. दलाल इथेच थांबतो आणि "तीन-साडेतीन टक्के सुटतात" असं सांगतो. आता वजा करत जाऊ. सोसायटीचा मेंटेनन्स महिना ३ हजार, वर्षाचे ३६ हजार. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसला की सोसायटी घेते ते) ३,६००. मिळकतकर १४ हजार. दोन भाडेकरूंच्या मधे घर रिकामं राहतं, त्यासाठी वर्षाला एक महिना, २२ हजार. दलाली आणि कराराचा खर्च ११ हजार. दुरुस्ती आणि दर तीन वर्षांनी लागणारा रंग यासाठी बाजूला काढलेले १८ हजार. एकूण १ लाख ४ हजार ६००. हातात उरले १ लाख ५९ हजार ४००, म्हणजे महिना १३ हजार ३००च्या आत. गुंतवलेल्या रकमेवर हे १.९ टक्केही होत नाहीत, आणि यावरचा आयकर अजून धरलेला नाही.

यात कर्ज घाला. ६० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के, २० वर्षं: हप्ता सुमारे ५२ हजार ७०. म्हणजे दरमहा जवळपास ३८ हजार ८०० रुपये पगारातून घालावे लागतील. निव्वळ भाड्यात हप्ता भागवायचाच असेल तर याच दराने कर्ज १५ लाखांच्या आसपासच घेता येतं. बाकीचे पैसे तुमचे हवेत.

मग लोक घेतात ते कशाच्या भरवशावर? किंमत वाढेल या भरवशावर. तोही आकड्यात मांडता येतो. पहिल्या वर्षी व्याज जातं साधारण ५ लाख ५ हजार. निव्वळ भाडं वजा केलं की ३ लाख ४५ हजारांचा खड्डा राहतो. तो भरून निघायला घराची किंमत वर्षाला साडेचार टक्क्यांहून थोडी जास्त वाढायला हवी. तेव्हा कुठे तुमचे स्वतःचे २४ लाख ८० हजार "शून्य टक्क्याने" बसून राहिले असं म्हणता येईल. त्या पैशांवर ७ टक्के सुटायला हवे असतील, तर घर दरवर्षी ७ टक्क्यांच्या आसपास वाढायला हवं, तेही सलग. तुमच्या पेठेत, तुमच्या रस्त्यावर गेल्या दहा वर्षांत ते झालंय का, हे नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स २ (नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा) काढून बघता येतं. त्याच इमारतीतले, त्याच आकाराच्या फ्लॅटचे जुने आणि नवे व्यवहार शोधा. जाहिरातीतली किंमत ही मागणी असते. व्यवहार काय भावाला झाला ते इंडेक्सवर कळतं.

इतकं असूनही भाड्याचं घर वाईट म्हणता येणार नाही. त्याचं बळ वेगळ्या जागी आहे. भाडं महागाईबरोबर वाढतं. करारात दरवर्षी ५ ते १० टक्के वाढ लिहिण्याची पद्धत आहे, आणि हप्ता मात्र व्याजदर बदलला नाही तर २० वर्षं तोच राहतो. त्यामुळे भाडं आणि हप्ता यांतलं अंतर वर्षागणिक कमी होत जातं. कर्ज फिटल्यावर निवृत्तीच्या काळात दरमहा येणारी रक्कम, गरज पडली तर राहायला छप्पर, आणि मुलगा किंवा मुलगी त्या शहरात शिकायला आली तर सोय, या गोष्टींना मोल आहे. शिवाय ज्यांच्याकडून शिल्लक पडत नाही, त्यांच्याकडून हप्ता सक्तीने बचत करून घेतो.

तोटे यापेक्षा ठोस आहेत. पैसा एका पत्त्यावर अडकतो. दवाखान्यासाठी ५ लाख लागले तर घराची एक खोली विकता येत नाही. विकायला काढल्यापासून पैसे हातात यायला सहा महिने सहज जातात. आणि घराला माणूस लागतो: गळका नळ, सोसायटीची नोटीस, दलालाचे फोन. हे करायला वेळ किंवा जवळचं माणूस नसेल तर १.९ टक्क्यांतूनही काही भाग दुसऱ्याला द्यावा लागतो.

घर भाडेकरूच्या डोळ्यांनी बघा

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे स्वतःला आवडलेलं घर भाड्यासाठी घेणं. तीन बीएचके, मोठी गच्ची, सोळाव्या मजल्यावरून दिसणारी टेकडी. किंमत या सगळ्याची लागते, पण भाडं त्या प्रमाणात वाढत नाही. एक बीएचके किंवा आटोपशीर दोन बीएचकेला किमतीच्या मानाने भाडं जास्त मिळतं आणि घर लवकर लागतं.

भाडेकरू विचारतो ते असं: कामाला जायला किती वेळ लागेल, पाणी किती वेळ येतं, पार्किंग आहे का, वीज गेली तर बॅकअप आहे का. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथे नोकरदार, विमाननगर-कोथरूड भागात विद्यार्थी आणि नोकरदार दोन्ही. एकाच मोठ्या कंपनीच्या किंवा एकाच कॉलेजच्या जोरावर उभ्या असलेल्या भागात घर घेताना जरा थांबा. ती कंपनी हलली किंवा घरून काम सुरू झालं की एका गेटवर पन्नास "टू लेट"च्या पाट्या लागतात.

पाण्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण ते भावात धरलेलं नसतं. वाघोली, उंड्री, बाणेर-बालेवाडी या भागांत टँकरवर अवलंबून असलेल्या कितीतरी सोसायट्या आहेत. तिथे हिवाळ्यात ३ हजार असलेला मेंटेनन्स उन्हाळ्यात वाढतो किंवा टँकरची वेगळी वर्गणी निघते. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन गेल्या एप्रिल आणि मे महिन्यांची मेंटेनन्सची बिलं मागा. रखवालदाराला विचारा, मे महिन्यात दिवसाला किती टँकर आत येतात. ब्रोशर जे सांगत नाही ते तो एका वाक्यात सांगतो.

घर पावसाळ्यात बघता आलं तर उत्तम, ऑगस्टमध्ये सगळ्यात चांगलं. बाथरूमच्या छताकडे बघा, वरच्या फ्लॅटची गळती तिथे पिवळट डागाने दिसते. पश्चिमेकडच्या भिंतीवर खिडकीखाली हात फिरवा. ओल असेल तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो आणि बोटाला पांढरी पूड लागते. विकणाऱ्याने घर नुकतंच रंगवलं असेल आणि नेमकी एकच भिंत नवी दिसत असेल तर कारण विचारा. बाहेरच्या भिंतीची गळती सोसायटीचं काम असतं, वरच्या बाथरूमची असेल तर वरच्या मालकाशी वाद असतो, आणि हे दोन्ही मिटेपर्यंत भाडेकरू थांबत नाही.

कागद

पुनर्विक्रीच्या घराला हे कागद लागतात: आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी इंडेक्स २ सह, ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, भोगवटा किंवा पूर्णत्वाचा दाखला (इमारत राहण्यायोग्य पूर्ण झाल्याचा महापालिकेचा दाखला), सोसायटीचा शेअर दाखला आणि थकबाकी नसल्याचं पत्र, शेवटची मिळकतकर पावती आणि वीजबिल, विकणाऱ्याचं कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र. पार्किंग मिळतंय म्हणून सांगितलं असेल तर त्याचं वाटपपत्र बघा. उघडं पार्किंग विकण्याचा अधिकार बिल्डरला नसतो.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात महारेराच्या (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून ताबा देण्याची तारीख, ती किती वेळा पुढे ढकलली आणि प्रकल्पावरचे खटले बघा. किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदणीकृत करारनाम्याशिवाय बिल्डरला घेता येत नाही. जास्त मागत असेल तर तिथेच थांबा. अशा घरावर ५ टक्के जीएसटी लागतो (४५ लाखांपर्यंतच्या, ठरलेल्या आकाराच्या परवडणाऱ्या घरावर १ टक्का). पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलेल्या घरावर जीएसटी नाही. भाड्याच्या दृष्टीने बांधकाम चालू असलेलं घर बहुधा तोट्याचं ठरतं: तीन-चार वर्षं व्याज जातं, भाडं शून्य.

भोगवटा दाखल्याशिवाय घर घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. तसंच गुंठेवारीतली (मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्यांनी तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरची) बांधकामं टाळा. बँक कर्ज देत नाही, म्हणजे उद्या तुमच्याकडून घेणाऱ्यालाही देणार नाही, आणि विकताना गिऱ्हाईक फक्त रोखीचं उरतं.

मुंबईत पागडीचं घर (एकरकमी पैसे देऊन घेतलेला जुन्या भाड्याचा हक्क) किंवा आत जुना भाडेकरू बसलेलं घर "स्वस्तात" दाखवतात. त्या भाडेकरूला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९चं संरक्षण असतं आणि भाडं नाममात्र असतं. गुंतवणूक म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नये. साध्या घरातही आधीचा भाडेकरू असेल तर रिकामा ताबा मिळेपर्यंत मोबदल्याची शेवटची रक्कम सोडू नका.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची आहे. महिनाअखेरीपासून ३० दिवसांची मुदत असते. आपल्या उदाहरणात हे ७५ हजार होतात. हे राहून गेलं तर व्याज आणि विलंब शुल्क तुमच्या डोक्यावर येतं.

सोसायटी आणि मिळकतकर

घर भाड्याने दिलं की सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. २००१च्या शासन आदेशाप्रमाणे हे सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि मिळकतकर त्या सेवाशुल्कात धरायचा नसतो. आई-वडील, भाऊ-बहीण, मुलं यांना घर राहायला दिलं तर हे शुल्क लागत नाही. सोसायटी मेंटेनन्सच्या दुप्पट मागत असेल तर आदेशाची प्रत जोडून लेखी पत्र द्या आणि सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते हे नम्रपणे कळवा. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार) भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं आणि कराराची प्रत द्यावी लागते. पण "बॅचलर नको" असा अलिखित नियम सोसायटीत असेल तर कागदावर तुमची बाजू असूनही दर वर्षी भांडण होणार. घर घेण्याआधी सेक्रेटरीला भेटून हे विचारून घ्या.

एक बाब पुण्यातल्या कितीतरी लोकांच्या लक्षात येत नाही. बरीच संकुलं सोसायटी नसून अपार्टमेंट असतात, म्हणजे १९७०च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र करून बनलेली. वरची १० टक्क्यांची मर्यादा सहकारी सोसायट्यांसाठी आहे. अपार्टमेंटमध्ये घर घेत असाल तर घोषणापत्र आणि त्यासोबतचे नियम आधी वाचा.

मिळकतकराचं तसंच. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला ४० टक्के सवलत देते. विकणारा त्या घरात राहत असेल तर त्याच्या बिलावर ती सवलत असते. तुम्ही तेच बिल हिशोबात धरता, घर भाड्याने देता, आणि सवलत जाते. खरेदीच्या हिशोबात सवलत नसलेला आकडा घाला.

करार: अकरा महिन्यांचा गैरसमज

भाड्याने देताना महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार (ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा) करतात. इतर बऱ्याच राज्यांत एका वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेकराराला नोंदणी लागत नाही, म्हणून अकरा महिन्यांची प्रथा पडली. आपल्याकडे ते लागू नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो तीन महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षेपेक्षाही दुसरा परिणाम वाईट: नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. भाडं २२ हजार ठरलं होतं की १२ हजार, हे तो सांगणार. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून दिलेला "करार" म्हणूनच घेऊ नका.

आणि खर्च तरी किती? मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के. त्यात परत करायच्या अनामत रकमेवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज मिळवायचं. ११ महिने, २२ हजार भाडं, ६० हजार अनामत: भाडं २ लाख ४२ हजार, अनामतीवरचं धरलेलं व्याज ५,५००, एकूण २ लाख ४७ हजार ५००. त्याचे ०.२५ टक्के, ६१९ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, त्याची मजुरी वेगळी. आधारच्या आधारे ऑनलाइन नोंदणीला दुय्यम निबंधकांच्या रांगेत उभं राहावं लागत नाही.

भाडेकरू चांगला वाटत असेल तर २४ किंवा ३६ महिन्यांचा करार करा, वर्षागणिक वाढ आत लिहा. दर अकरा महिन्यांनी नवी दलाली आणि नवी नोंदणी वाचते. मुदतीत भाडेकरूला सोडायचं असेल तर एक महिन्याची नोटीस ठेवा, आणि पहिले सहा महिने दोघांनाही बांधील धरणारी अट घाला.

करारात हे स्पष्ट लिहा: भाडं कुठल्या तारखेला, कुठल्या खात्यात. मेंटेनन्स भाड्यात की वेगळा (शक्य तर वेगळा, भाडेकरूने थेट सोसायटीला भरायचा). वीज, पाइपगॅस, इंटरनेट कुणाचं. ५०० रुपयांपर्यंतची दुरुस्ती भाडेकरूची, त्यावरची, तसंच भिंतीतल्या पाइपची आणि वायरिंगची मालकाची. राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव. घरातून धंदा करायचा नाही, कारण तसा वापर झाला तर वीजबिल आणि मिळकतकर व्यापारी दराने येऊ शकतो. पोटभाडेकरू नाही. आणि घरातल्या वस्तूंची यादी: कपाटं किती, पंखे किती, गीझर कुठल्या कंपनीचा, किती लिटरचा, चाव्या किती.

अनामत दोन ते तीन महिन्यांची घ्या. मालकाने ती खर्च करू नये, वेगळ्या खात्यात ठेवावी. तो पैसा भाडेकरूचा आहे.

करार झाला की भाडेकरूची माहिती पोलिसांच्या संकेतस्थळावर भरा, पोचपावती जपून ठेवा. पोलिसांच्या मनाई आदेशात हे सक्तीचं असतं आणि माहिती न दिल्यास गुन्हा मालकावर नोंदला जातो. दलालाने "मी भरतो" म्हटलं तरी पावती स्वतः मागून घ्या.

भाडेकरू निवडताना

दोन हजार जास्त देणाऱ्यापेक्षा तीन वर्षं राहणारा भाडेकरू परवडतो. एक महिना घर रिकामं राहिलं की २२ हजार जातात. दोन हजार जास्त घेऊन ते भरायला अकरा महिने लागतात. ओळखपत्र, नोकरीचं पत्र किंवा तीन महिन्यांच्या पगारपावत्या, आणि आधीच्या घरमालकाचा नंबर मागा. आधीच्या मालकाला फोन करून एवढंच विचारा: भाडं किती तारखेला यायचं, आणि अनामत पूर्ण परत केली का? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून बाकीचं समजतं. जात, धर्म किंवा एकटी बाई आहे म्हणून नाकारणं अन्यायाचं आहे, आणि त्यापायी चांगले, वेळेवर पैसे देणारे लोक हातचे जातात.

ताबा देताना घाई करू नका, तासभर काढा. प्रत्येक नळ पूर्ण उघडा आणि बेसिनखाली हात लावून बघा. फ्लश दोनदा दाबा. गीझर दहा मिनिटं चालू ठेवा. वीज आणि गॅस मीटरचं रीडिंग भाडेकरूसमोर फोटोत घ्या. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, किचन ओटा, कपाटांची आतली बाजू, टाइल्सवरचे आधीचे तडे, यांचा सलग व्हिडिओ काढून त्याच क्षणी भाडेकरूला पाठवा. त्याने "ओके" लिहून पाठवलं की अनामतीचा निम्मा वाद तिथेच मिटतो.

कर

भाड्यावरचा आयकर "घरापासूनचं उत्पन्न" या सदराखाली लागतो. मिळालेल्या भाड्यातून तुम्ही भरलेला मिळकतकर वजा करा, उरलेल्यातून सरळ ३० टक्के वजा करा. या ३० टक्क्यांना पावत्या लागत नाहीत, आणि खर्च जास्त झाला तरी ही वजावट वाढत नाही. मग कर्जावरचं व्याज वजा करा. आपल्या उदाहरणात ११ महिन्यांचं भाडं २ लाख ४२ हजार, वजा मिळकतकर १४ हजार, उरले २ लाख २८ हजार. त्यातले ३० टक्के, ६८,४०० वजा, उरले १ लाख ५९ हजार ६००. व्याज ५ लाख ५ हजार. तोटा ३ लाख ४५ हजार ४००.

या तोट्याचं काय होतं, ते तुम्ही कुठली करपद्धत निवडता त्यावर आहे. जुन्या पद्धतीत २ लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वजा होतो. ३० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह ६२,४०० रुपये कर वाचतो. उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, पण फक्त घराच्या उत्पन्नासमोर. नव्या पद्धतीत घराचा तोटा पगारातून वजा करता येत नाही. नवी पद्धत आपोआप लागू असते, जुनी हवी असेल तर ती निवडावी लागते. "कर्जावर टॅक्स वाचतो" असं सांगणारा बहुतेक वेळा दहा वर्षांपूर्वीचा नियम सांगत असतो. दोन्ही पद्धतींनी आकडे मांडून मगच ठरवा.

कर्ज फिटलं की व्याजाची वजावट संपते. आजच्या आकड्यांनी १ लाख ५९ हजार ६०० वर ३० टक्क्यांच्या टप्प्यात जवळपास ५० हजार कर लागेल. हातात १ लाख १० हजारांच्या आसपास उरतील.

महिना भाडं ५० हजारांहून जास्त असेल तर भाडेकरूने २ टक्के टीडीएस कापायचा असतो. विकताना घर २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलेलं असेल तर नव्याने घेतलेल्या घरावरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, महागाईची सूट न धरता.

अमेरिका, आखात, युरोपात राहून पुण्या-ठाण्यात घर घेणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही कमी असो, भाडेकरूने उपकरासह ३१.२ टक्के टीडीएस कापायचा असतो. बहुतेक भाडेकरूंना हे माहीतच नसतं. ज्यांना असतं ते अशा घराकडे वळत नाहीत. ही कपात आधी करारात लिहा, भाडं एनआरओ खात्यातच (अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं) घ्या, आणि कर कमी बसत असेल तर आयकर खात्याकडून कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र घ्या. इथे सह्या करायला भाऊ-बहिणीला मुखत्यारपत्र देत असाल तर तिकडच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून आणा आणि महाराष्ट्रात आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरून घ्या. विकण्याचा अधिकार त्यात घालू नका. भाड्याने देणं, भाडं घेणं, सोसायटीत सही करणं, एवढेच अधिकार नावानिशी लिहा.

दुकानाचा गाळा?

गाळ्याला किमतीच्या मानाने भाडं जास्त मिळतं, म्हणून मोह होतो. पण रिकामा पडला तर वर्षभर रिकामा राहू शकतो, मिळकतकर निवासी घराच्या कितीतरी पट असतो, कर्ज कमी आणि महाग मिळतं, आणि वर्षाचं भाडं २० लाखांच्या वर गेलं की जीएसटी येतो. शिवाय पुढे सांगितलेला घर खाली करून घेण्याचा जलद मार्ग फक्त राहण्याच्या जागेला आहे. पहिल्यांदा घेणाऱ्याने गाळ्यात पडू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

भाडेकरू जात नसेल, आणि जात असेल

मुदत संपली आणि भाडेकरू घर सोडत नाही. कुलूप बदलणं, वीज-पाणी तोडणं, सामान बाहेर काढणं यातलं काहीही करू नका. त्याने गुन्हा तुमच्यावर येतो आणि बाजू त्याची बळकट होते. करार नोंदणीकृत असेल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. नोंदणीकृत करार हाच तिथे पुरावा धरला जातो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत भाडेकरूला बचावाची परवानगी मागावी लागते, नाही मागितली तर आदेश तुमच्या बाजूने जातो. मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांसाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. यालाही काही महिने लागतात, पण दिवाणी दाव्याच्या मानाने ते थोडेच. मुदत संपल्यानंतर नवा करार न करता भाडं घेत राहू नका. मुदत संपण्याच्या दोन महिने आधी मोबाइलमध्ये आठवण लावा आणि लेखी विचारा: राहणार की सोडणार?

सोडणार असेल तर शेवटच्या दिवशी ताबा देतानाचा व्हिडिओ उघडून त्याच क्रमाने घर बघा. खिळ्यांची छिद्रं, मळलेला रंग, सैल झालेली बिजागरी ही वापराची झीज आहे, ती अनामतीतून कापू नका. फुटलेलं बेसिन, जळालेला ओटा, हरवलेली चावी कापा, पण बिलासह. न भरलेल्या वीजबिलासाठी मीटरचं शेवटचं रीडिंग घेऊन अंदाजाने हजार-दोन हजार ठेवा आणि बिल आलं की उरलेले परत करा. बाकी अनामत चावी हातात पडल्याच्या दिवशीच त्याच्या खात्यात पाठवा. जाणारा भाडेकरू त्याच्या ऑफिसातल्या मित्राला घर सुचवतो तेव्हा दलालीही वाचते आणि रिकामा महिनाही.